स्वतःशी बोलायचे पत्ते

समजा, सुरतच्या इच्छापोरमधल्या हिरे-दागिने पार्कातल्या शेठना नवी वेबसाइट बघायचीय. ती बनवणारा खानदेशी पोरगा लॅपटॉपवर लोकल सर्व्हर चालू करतो, ‘लोकलहोस्ट:3000’ अशी लिंक व्हॉट्सॲपवर धाडतो. शेठच्या फोनवर काहीच उघडत नाही. उघडेल कसं? हा पत्ता ज्या यंत्रात टाकाल, त्याच यंत्राचं दार ठोठावतो. शेठ स्वतःच्याच फोनकडे वेबसाइट मागताहेत! पोरगा मात्र ठाम : ‘माझ्याकडे तर चालतंय, शेठ.’

यंत्रांच्या या स्वगतासाठी आयपीव्ही4 या इंटरनेट-पत्त्यांच्या पद्धतीत 127 ने सुरू होणारे तब्बल 1 कोटी 67 लाख पत्ते राखीव. वापरात बहुधा एकच, 127.0.0.1; ‘लोकलहोस्ट’ म्हणजे हाच. बाकी जगाला वाटायचा पत्त्यांचा मध्यवर्ती साठा 2011 मध्येच संपला. आणि आपण दिवाळीत सुरत-भुसावळ गाडीच्या आरक्षणावरून कुरकुरतो!