कूलरसमोर शेक

मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की नागपुरात 'गरम' हा शब्द शिवीसारखा उच्चारला जातो. अशा गावात पाळीच्या कळांवर 'गरम पाण्याची पिशवी घ्या' असं सांगणाऱ्याकडे लोक ऊन लागल्यासारखं बघणार. बाहेर एवढी उष्णता फुकट असताना रबरी पिशवीत आणखी कशाला भरायची? प्रश्न बिनतोड वाटतो; पण हवेतली उष्णता अंगभर पसरते, तिची वासलात घाम लावतो, आणि ओटीपोटाच्या वाट्याला नुसता चिकचिकाट येतो. शेक एका जागी ठाण मांडतो आणि आवळलेला स्नायू सैल करतो. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत सुमारे ३९ अंशांचा पट्टा दिवसाला १२ तास पोटावर बांधला, तेव्हा आयब्युप्रोफेनच्या गोळीच्या तोडीचा आराम पडला. ३९ अंश म्हणजे आपल्याकडे एप्रिलातली बरी दुपार. तेव्हा समोर कूलर आणि पोटावर पिशवी हा वेडेपणा नाही, उपचार आहे.

मुळात या कळा आणतो कोण? प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं. पाळी सुरू होताना ती गर्भाशयाला आवळायला लावतात, रक्तवाहिन्या आकसतात, स्नायूला प्राणवायू कमी पडतो आणि तो ठणकतो. पहिले दोन दिवस त्यांचा जोर, म्हणून पहिले दोन दिवस हाल. नावाची गंमत अशी की १९३० च्या दशकात स्वीडनच्या उल्फ फॉन ऑयलर यांना हा पदार्थ वीर्यात सापडला आणि तो प्रोस्टेट ग्रंथीचा असावा असं समजून त्यांनी हे बारसं केलं. म्हणजे बाईच्या दुखण्यालाही पुरुषाचंच आडनाव लागलं, तेही बाईकडे नसलेल्या ग्रंथीचं! पुढे कळलं की तो मुख्यतः दुसऱ्याच ग्रंथींतून येतो. आडनाव मात्र कायम.

खरा आरोपी हा असल्यावर संत्र्याला कोठडीत ठेवण्याचं कारण उरत नाही. आंबिया आणि मृग असे दोन-दोन बहार घेणाऱ्या मुलखात 'त्या दिवसांत आंबट नको' म्हणून पोरींच्या हातातली फोड काढून घेतात, हा संत्र्यावर अन्याय आहे. आंबटानं कळा वाढतात याला पुरावा नाही. पण न्याय दोन्हीकडे हवा: आलं, मेथी, बडीशेप यांचे गोडवे गातात तेवढं पाठबळ त्यांनाही नाही. आल्याचा चहा चहा म्हणूनच प्यावा.

व्यायामाची बाजू त्या मानानं भक्कम. २०१९ च्या कॉक्रन आढाव्यात आठवड्यातून निदान ३ वेळा, ४५ ते ६० मिनिटांच्या व्यायामानं वेदना बऱ्याच कमी झालेल्या दिसल्या. अभ्यास छोटे होते, हेही त्यात प्रांजळपणे लिहिलंय. यावर कुणी म्हणेल, आपल्या पूर्वजांनी चार दिवस बाहेर बसवून विश्रांतीच दिली होती की! गडचिरोलीतलं कुर्माघर, म्हणजे पाळीतल्या बाईला ठेवायची जागा, बघून हे म्हणावं. गावाबाहेरच्या झोपडीत एकटीनं रात्र काढणं ही विश्रांती असेल, तर तुरुंगाला विश्रामगृह म्हणायला हरकत नसावी. विश्रांती मागणाऱ्याला मिळते. न मागता लादली जाते ती शिक्षा. दुसरा आक्षेप 'लग्न झालं की थांबतं' हा. बाळंतपणानंतर काहींचं दुखणं कमी होतं हे खरं, पण पोटदुखीवर वरसंशोधन हा भारीच महाग इलाज झाला.

तिसरा आक्षेप मात्र मला निरुत्तर करतो: वेळ कुठाय? फिरायला अंबाझरी आहे, फुटाळा आहे, सेमिनरी हिल्सची सावली आहे. पण सकाळचा तो तास डबे, पोळ्या आणि नळाच्या पाण्यानं आधीच आरक्षित केलेला असतो. 'जीवनशैली बदला' हे आपण बाईला सांगतो, आणि बदलावी लागते घराची. म्हणून सांगणं एवढंच. दुखणं महिन्यागणिक वाढत असेल किंवा गोळीला दाद देत नसेल, तर शेकत न बसता डॉक्टरांकडे जा. एरवी पिशवीत उकळतं पाणी नको, ती कापडात गुंडाळा, आणि त्या दिवशी कूलरमध्ये पाणी भरायची पाळी घरातल्या पुरुषाची.