चोराने पाळावयाच्या अटी

वर्ध्याच्या रामनगरात आमचे जे बैठे घर आहे, त्याच्या घरफोडी-विम्याचे नूतनीकरण यंदा एका शर्तीपाशी अडले. विमा कंपनीने कळविले की, सदर घरातील चोरसूचक यंत्र दूरध्वनीच्या तारेवर अवलंबून असल्याने यापुढे ग्राह्य धरले जाणार नाही. सबब मुदतीच्या आत सिमकार्डावर चालणारे यंत्र बसवून तसा दाखला दप्तरी रुजू करावा, अन्यथा पॉलिसीचे नूतनीकरण होणार नाही.

जुने यंत्र आमच्या थोरल्या बंधूंनी बसविलेले. दाराच्या चौकटीतील लोहचुंबक फळीपासून दूर गेले की भोंगा वाजावयाचा, आणि भिंतीवरची पेटी आपण होऊन चार क्रमांक फिरवून ध्वनिमुद्रित निवेदन ऐकवावयाची. बंधू नायब तहसीलदार म्हणून निवृत्त झालेले असल्यामुळे त्या निवेदनाचा प्रारंभ ‘खाली नमूद केलेल्या पत्त्यावर राहणारा अर्जदार सविनय सादर करतो की’ असा होता, आणि चोर हा शब्द त्यात अशा ठिकाणी येत असे की तोवर साधारण चालीच्या चोरानेही पुलगाव गाठले असते. चार क्रमांकांपैकी एक हिंगणघाटच्या मावशींचा होता. त्यांना ऐकू कमी येई, परंतु वगळले तर राग येई.

तरीही त्या तारेविषयी मला आदर आहे. तिला लागणारी वीज एक्स्चेंजकडूनच तिच्यातून येत असल्याने, भारनियमनाच्या काळात अवघा मोहल्ला अंधारात बुडालेला असतानाही दूरध्वनी तेवढा जिवंत असे. वैगुण्य एकच, की ज्याची वर्दी द्यावयाची त्या चोराच्याच हाताशी ती घराबाहेर उघडी लोंबत असे. आणि पुढे तर तांब्याचा भाव असा चढला की भूमिगत तारा खणून नेणे हाच एक स्वतंत्र व्यवसाय झाला. चोरीची वर्दी देणारी तारच चोरीस गेल्यावर वर्दी कोणी द्यावी, याची तजवीज कोणत्याही कलमात नव्हती.

कलमे वाचावयास बसलो तेव्हा ध्यानात आले की, अटी केवळ घरमालकालाच नसून चोरालाही आहेत. १ एप्रिल २०२१ पासून सर्व सामान्य विमा कंपन्यांना विकणे बंधनकारक झालेली ‘भारत गृह रक्षा’ पॉलिसी घ्या. तिच्यात चोरीला संरक्षण आहे. मात्र ती आग, पूर, भूकंप यांसारख्या विमित आपत्तीमुळे, आणि त्या आपत्तीपासून सात दिवसांच्या आत झालेली असावी. म्हणजे चोराने आधी पुराची वाट पाहावी आणि मग आठवडा उलटू न देता यावे. घरफोडीचा विमा वेगळा घ्यावा, तर २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, पॉलिसीत बळजबरीने प्रवेश असे म्हटले असेल, तर चोरीपूर्वी बळाचा वापर झालेला असला पाहिजे. कुलूप फोडणारा असंस्कृत मनुष्य आपल्याला भरपाई मिळवून देतो. बनावट किल्लीने, पायपुशीवर पाय पुसून आत येणारा सभ्य गृहस्थ मात्र आपल्याला पुरता बुडवितो.

दूरध्वनी, चोरी आणि विमा या तिन्हींचा संबंध आला म्हणून सांगतो, या जिल्ह्यातील सर्वांत प्रसिद्ध दूरध्वनी सेवाग्रामला आहे. गांधीजींशी संपर्क राहावा म्हणून व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांनी तो आश्रमात बसवून घेतला. त्याच आश्रमातून गांधीजींचा चष्मा नाहीसा झाल्याची बातमी २०११ च्या जूनमध्ये आली, तेव्हा सर्वत्र हळहळ व्यक्त झाली. विम्याविषयी खुद्द गांधीजींचे वर्तन आमच्या बंधूंना पसंत नाही. मुंबईत एका अमेरिकन विमा-प्रतिनिधीच्या वाक्‌चातुर्याला भुलून त्यांनी दहा हजारांचा आयुर्विमा उतरविला, आणि दक्षिण आफ्रिकेत गेल्यावर, कुटुंबाचा भार ईश्वरावर सोडून, हप्ते बंद केले; ही हकीकत आत्मकथेतच आहे. बंधूंचा आक्षेप ईश्वरावरील भरवशाला नाही. भरलेले हप्ते बुडाले याला आहे.

असो. यंत्र बदलावयास आलेल्या तरुणाने जुनी पेटी उघडली, आत पाहिले आणि म्हणाला, ‘‘काका, हे आता कोनाले फोन करन जी? वायरच नाही ना तिले!’’ बंधूंनी निवेदनाची ध्वनिफीत पुढे केली. परंतु नव्या यंत्राला दहा सेकंदांहून अधिक ऐकून घेण्याची सवय नसल्याने, आणि ‘सविनय’ हा शब्द गाळण्यास बंधूंनी साफ इन्कार केल्याने, ते यंत्र आता नुसता संदेश पाठविते, तोही इंग्रजीत. मावशींच्या नावापुढे त्यांच्या नातवाचा क्रमांक घातला आहे.

पॉलिसी मंजूर होऊन आली. तिच्यात यंत्र ‘सदैव चालू स्थितीत’ असावे अशी शर्त आहे, आणि यंत्रातल्या सिमकार्डाला मुदत असते. रिचार्ज संपला की ते कोणालाही न कळविता मुके होते, आणि त्या काळात चोरी झाल्यास दावा नामंजूर करावयास कंपनीला आयते कारण मिळते. ज्या वाचकांच्या पॉलिसीत हे शब्द असतील त्यांनी हा लेख बाजूला ठेवून आधी रिचार्जची तारीख पाहून घ्यावी.