मुस्तफा, क्यूसी विभाग

मुस्तफाच्या आधार कार्डावर त्याच्या आजोबांचं, अगदी सातारी मातीतलं नाव आहे. पण खंडाळ्यात ते फक्त पोस्टमन आणि बँक यांनाच ठाऊक. पाचवीत असताना शिरवळच्या एका पार्लरमध्ये त्यानं पहिला कॉइन टाकला तो डायनासोरच्या गेममध्ये. कॅपकॉम कंपनीनं १९९३ साली काढलेल्या त्या गेमचं खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनासॉर्स'. पण एवढं नाव घेईपर्यंत एक लाइफ जायची, म्हणून आपल्याकडच्या पोरांनी त्यातल्या पिवळ्या टोपीवाल्या गड्याच्या नावानं सगळा गेमच 'मुस्तफा' करून टाकला. आमच्या गड्यानं जॅक, हॅना, मेस या बाकीच्या तिघांकडे कधी ढुंकून पाहिलं नाही. पुढे लग्नाच्या वरातीत मित्रांनी "मुस्तफा! मुस्तफा!" असा गजर लावला, तेव्हा नवरीच्या मामांनी खिशातली पत्रिका काढून पुन्हा वाचून घेतली.

खंडाळा म्हणजे आमिर खानच्या गाण्यातलं नव्हे, ते लोणावळ्याशेजारचं. आमचं सातारा जिल्ह्यातलं, खंबाटकीच्या पायथ्याचं. इथं कोणी कुणाला लाडीगोडीनं बोलवत नाही. लोक घाट चढायच्या आधी गाडीला पाणी आणि पोटाला चहा एवढ्यासाठी थांबतात. मुस्तफा शिरवळच्या एमआयडीसीत एका कंपनीत क्वालिटीला आहे. पाळीभर गेज लावून पार्ट पास-नापास करायचे, आणि पाळी सुटली की टपरीवर बसून जगातल्या गेम कंपन्यांना गेज लावायचं, असा त्याचा दिनक्रम. कंपनीत त्याच्या हातून थोडाफार माल पास होतो. टपरीवर आजवर काहीच पास झालेलं नाही.

'सायबरपंक २०७७' हा त्याचा आवडता खटला. पोलंडच्या कंपनीनं २०२० च्या डिसेंबरात तो बाजारात आणला. जुन्या प्लेस्टेशनवर तो इतका अडखळायला लागला की आठवडाभरात सोनीनं आपल्या ऑनलाइन दुकानातून काढून टाकला आणि लोकांना पैसे परत द्यायला घेतले. "अख्खा लॉट परत!" मुस्तफा बशी आपटतो. "आरं, आमच्याकडं एका बुशला केसभर जास्त निघालं तर गाडी गेटवरनं माघारी येती. ह्यांनी गेम जाहीर केला बारा साली. आठ वर्षांत फायनल इन्स्पेक्शनला एक माणूस घावला न्हाई?" नंतर कंपनीनं दुरुस्त्या करून करून तो गेम चांगला केला, असं कोणी म्हटलंच तर उत्तर तयार असतं: "रिवर्क केलेला माल नव्याच्या भावात इकायचा नसतो."

त्याचे वडील तात्या या विषयावर कधी बोलत नाहीत. मोबाइल, टीव्ही आणि गेम ही तिन्ही एकच पीडा आहे असं त्यांचं पहिल्यापासूनचं मत. पण एका गोष्टीला ते कान देतात. १९८२ च्या नाताळासाठी अटारी कंपनीनं 'ई.टी.' सिनेमावरचा गेम घाईघाईनं काढला. हॉवर्ड स्कॉट वॉर्शॉ नावाच्या एकट्या माणसाला त्यासाठी जेमतेम पाच आठवडे दिले. कॅसेटा खपल्या नाहीत. पुढच्या वर्षी अमेरिकेतला गेमचा बाजारच बसला, आणि अटारीनं न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डो गावाबाहेर ट्रक नेऊन न खपलेला माल खड्ड्यात पुरला. तो खराच पुरला की नुसती दंतकथा, यावर लोक तीस वर्षं वाद घालत होते. शेवटी २०१४ साली खड्डा खणला आणि कॅसेटा निघाल्या. तात्यांनी लोणंदच्या बाजारात कांद्याचा भाव पडताना डोळ्यांनी पाहिलाय. ते एवढंच म्हणाले, "आम्हीबी टाकून दिला हुता की कांदा. पर उकरून बघाया न्हाई गेलो."

मुस्तफाच्या मते धंदा नासला तो २००६ साली, घोड्याच्या चिलखतापासून. 'ऑब्लिव्हियन' गेमवाल्यांनी आधीच पैसे भरून गेम घेतलेल्या लोकांना घोड्याचं चिलखत अडीच डॉलरला वेगळं विकलं. तिथून मग कपडे, टोप्या, बंदुकीचे रंग, पेटीत काय निघेल ते नशीब. "गनिमी काव्यात घोड्याला चिलखत घातलं असतं तर खंबाटकी चढायलाच दसरा उजाडला असता," असं तो म्हणतो, आणि इतिहासाचा गाढा अभ्यास सांगितल्यासारखा आमच्याकडे बघतो. त्याचा न्याय पार्लरमधला आहे. रुपया टाकला, खेळलो, मेलो. मेलो तो माझ्या हातानं मेलो. खिशात दुसरा रुपया नसेल तर मागं उभं राहून दुसऱ्याचं बघायचं. मला विचाराल तर पार्लरवालासुद्धा पोरं लवकर मरावीत म्हणून मशिन अवघडावर लावून ठेवायचा, पण टपरीवर हे बोलायची सोय नाही.

पुण्याबद्दल मात्र त्याचं काळीज दुभंगलेलं आहे. एरवी पुण्याचं नाक कापलं गेलं की सातारकर सुखानं झोपतो, मुस्तफाही झोपतो. पण फ्रेंच कंपनी यूबीसॉफ्टनं 'प्रिन्स ऑफ पर्शिया: सँड्स ऑफ टाइम' नव्यानं करायचं काम पुणे आणि मुंबईच्या स्टुडिओंना दिलं, तेव्हा यानं टपरीवर पेढे वाटले. सप्टेंबर २०२० मध्ये ट्रेलर आला. जगभरच्या लोकांनी चित्रं जुनाट दिसतात म्हणून इतकी टिंगल केली की तारखा पुढे ढकलल्या गेल्या, आणि २०२२ मध्ये काम पुण्याहून उचलून कॅनडात, मॉन्ट्रियलला नेलं. राजपुत्र इराणचा, मालक फ्रेंच, काम पुण्यात, बदली कॅनडात. एखाद्या तलाठ्याची एवढी ससेहोलपट होत नाही. २०२६ च्या जानेवारीत कंपनीनं तो गेम रद्दच केला. त्या दिवशी मुस्तफाच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं ते मी पोराच्या शाळेच्या निकालालाही पाहिलं नव्हतं. "पुण्याचा माल रिजेक्ट केला. मॉन्ट्रियलला रिवर्कला धाडला. आन् शेवटी स्क्रॅपमधी टाकला! मग चूक पुण्याची कशी?"

पुण्याच्याच नॉडिंग हेड्सचा 'राजी' हा २०२० सालचा गेम त्याला पाठ आहे. दुर्गेचा आशीर्वाद घेऊन भावाला शोधायला निघालेली मुलगी, राजस्थानी महाल, सगळं सांगतो. सुपरगेमिंगचा 'इंडस'ही पुण्याचाच. 'राजी' किती खेळलास, असं मी एकदा विचारलं. म्हणाला, "घेऊन ठेवलाय."

इथं माणूस उघडा पडतो. मुस्तफानं सेलमध्ये घेऊन ठेवलेले गेम दीडदोनशे असतील. खेळलेले, तात्यांच्या भाषेत, आण्यात मोजावे लागतील. रात्रपाळी, कंबर, पोराची परीक्षा, महावितरणचा गुरुवार. वेळ मिळाला की तो दुसऱ्यांनी खेळलेले गेम यूट्यूबवर बघतो. रुपया संपल्यावर मागं उभं राहायची सवय ती. 'काँट्रा'चा तीस लाइफचा कोड, वर-वर-खाली-खालीपासून शेवटच्या बटणापर्यंत, तो आजही झोपेत म्हणेल. मात्र लाइफ वापरायला सवड नाही.

गेल्या वर्षी, २०२५ मध्ये, राज्याच्या कृषिमंत्र्यांचा सभागृहातला व्हिडिओ फिरला. मोबाइलवर रमी दिसत होती. मंत्री म्हणाले, मी जाहिरात बंद करत होतो. त्यांचं खातं बदललं, ते क्रीडा! त्याच वर्षी ऑगस्टमध्ये केंद्रानं पैशाचे ऑनलाइन खेळ कायद्यानं बंद केले. आम्हाला वाटलं, मुस्तफा तासभर तरी बोलेल. त्यानं हात झटकले. "पत्त्यांचं मला विचारू नका. तो गेम न्हाई."

वहिनींचा 'कँडी क्रश'ही त्याच्या लेखी गेम नाही. वहिनी चार-साडेचार हजाराव्या लेव्हलला पोचल्यात, कूकर आणि शिट्टी यांच्या मधल्या वेळात, एक रुपया न घालता. रुपयाला एक कॉइनवाल्या माणसानं खरं तर पाय धरावेत, पण तो विषय काढला की त्याला पाळीची आठवण होते.

नवा प्लेस्टेशन घ्यायचा तो 'जीटीए सहा' आल्यावरच, असं त्यानं घरात जाहीर केलंय. 'जीटीए पाच' आला २०१३ मध्ये, तेव्हा त्याचं लग्नही झालं नव्हतं. सहाव्याची पहिली झलक दाखवली डिसेंबर २०२३ ला. आधी २०२५ म्हणाले. मग २६ मे २०२६. मग १९ नोव्हेंबर. प्रत्येक वेळी ही बातमी मुस्तफाला सगळ्यात आधी वहिनींनीच पाठवली, हात जोडल्याच्या चिन्हासकट. परवा तारखेवरून तो चरफडत होता, तर त्या भाकरी थापता थापता म्हणाल्या, "अहो, तिथंबी तुमच्यासारखं कुणीतरी क्यूसीला बसलं आसंल. पास करीना."

मुस्तफा एकदम शांत झाला. "तसं आसंल तर मग थांबाया हरकत न्हाई," म्हणाला.