चौथा गडी ब्लाइंड

साखऱ्यात कोजागिरीला दूध आटेस्तोवर तीन पत्ती रंगते. सोयाबीनचे पैसे तोवर हाती आलेले नसतात आणि 1887चा जुगारबंदीचा कायदा अजून जिवंत आहे, म्हणून डाव भुईमुगाच्या शेंगांवर.

यंदा पुण्याचा भाचा बसला. त्याने आधी आमचा वर्गच घेतला. तीन पानांचे 22,100 हात पडू शकतात. त्यातल्या 16,440 हातांत ना जोडी, ना कलर, ना काही. म्हणजे शंभरातल्या चौऱ्याहत्तर वेळा माणूस फुसक्या पानांवर छाती काढून बसलेला असतो. "मामा, थाप सगळेच मारतात. समोर किती जण आहेत ते बघून मारायची."

मधे 40 शेंगा आहेत. (गिरणीवाले त्यातल्याच सोलून खात होते, तेव्हा आकडा अंदाजे.) आपण 20 लावल्या, तर तीन थापांतली एक पचली की बरोबरी. प्रत्येक गडी दहातून सातदा पॅक करतो असं धरा. दोघं पळण्याची शक्यता 49 टक्के. तिघं, 34, काठावर पास. चौघं, 24, नापास.

फॉन नॉयमन आणि मॉर्गनस्टर्न यांनी 1944च्या ग्रंथात पोकरचं गणित मांडलं, ते दोघा खेळाडूंचं. शहाणी माणसं. साखऱ्यात दोघंच पत्ते कुटताना दिसले तर लोक विचारतात, बाकीच्यांशी भांडण झालं का?

भाच्याला राजा, सत्ती, दुर्री आली. तिन्ही वेगळ्या रंगांची. मी पहिल्याच फेरीत पॅक केलं, तसे चाराचे तीन उरले आणि त्याचे डोळे लकाकले. वीसची चाल. दुकानदार पळाले. गिरणीवाल्यांनी तोंडातली शेंग गिळून पानं टाकली. उरले आबा. आबांनी पानांना हातही लावला नव्हता. ब्लाइंडला निम्मीच चाल. त्यांनी दहा सरकवल्या. पुन्हा वीस, पुन्हा दहा.

सगळा गुणाकार समोरचा पानं बघून घाबरतो यावर उभा. ज्याने बघितलीच नाहीत, त्याची पळण्याची शक्यता शून्य. मग बाकीचे सात कितीही गुणा. त्यात आमच्याकडे पानं बघितलेल्याला ब्लाइंडकडून शो मागता येत नाही. भाच्यापुढे मूठभर शेंगा उरल्या.

"आबा, एकदा तरी पानं बघा ना!"

"चष्मा घरी ऱ्हायला रे," आबा म्हणाले. "तूच वाचून सांग, काय हाय ते."