वजन जैसे थे

आमच्या सोसायटीत सध्या जो तो वजन कमी करतोय. कुणी दिवसातून दोनदाच जेवतंय, कुणी संध्याकाळी सातनंतर पाण्याच्या पेल्याकडेही संशयाने बघतंय, आणि बी विंगमधले एक काका तर निव्वळ दुधी भोपळ्याच्या रसावर आहेत. पूर्वी जिन्यात गाठ पडली की लोक "काय, बरं आहे ना?" असं विचारायचे. आता "किती झालं?" विचारतात. झालं म्हणजे कमी झालं. या काकांचं सात किलो झालं, तेव्हा सत्यनारायणाच्या पूजेला, आरती आणि प्रसाद यांच्या मधल्या मोक्याच्या जागी, अध्यक्षांनी त्यांच्यासाठी टाळ्या वाजवायला लावल्या. काकांनी शिऱ्याला लांबूनच नमस्कार केला. मात्र दोन जिने चढून आल्याबरोबर त्यांना खुर्ची द्यावी लागली आणि पाण्याच्या बाटलीचं झाकण त्यांच्या नातीने उघडून दिलं, याची दखल इतिवृत्तात कुणी घेतली नाही.

माझी पंचाईत वेगळीच. मला कमी करायला वजनच नाही. उंची पाच फूट सहा इंच, वजन ६२ किलो, बीएमआय (म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) २२. ऑफिसच्या वार्षिक तपासणीत माझ्या नावापुढे दर वर्षी हिरवी खूण पडते. हात-पाय अजून कॉलेजात आहेत. पोट मात्र केव्हाच निवृत्त होऊन सोफ्यावर बसलंय. शिंप्याने टेप लावली तेव्हा कंबर ९४ सेंटिमीटर भरली. भारतीय पुरुषाने ९०च्या आत राहावं, असं डॉक्टर मंडळी सांगतात. पण कागदोपत्री मी आदर्श.

कागदाचं हे असंच असतं. लहानपणी रेल्वेच्या फलाटावर वजनाची यंत्रं असायची. नाणं टाकलं की रंगीत दिवे लुकलुकायचे, चाक गरगरायचं आणि खटकन पुठ्ठ्याचं तिकीट बाहेर पडायचं. एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला भविष्य. 'तुम्ही स्वभावाने उदार आहात, लवकरच धनलाभ होईल.' आम्ही हसायचो. पण हा जो बीएमआय आज भल्याभल्यांची झोप उडवतो, त्याचं सूत्र मांडणारा माणूसही मुळात आकाशातले तारे बघणाराच होता. अडॉल्फ केटले, बेल्जियमचा खगोलशास्त्रज्ञ. १८३०च्या दशकात हा गृहस्थ 'सरासरी माणूस' शोधत होता. तुमच्या-माझ्या चरबीशी त्याला काही देणंघेणं नव्हतं. पुढे १९७२ मध्ये अँसेल कीज या अमेरिकन शास्त्रज्ञाने त्या सूत्राला बीएमआय हे नाव दिलं, तेही लोकसमूहांच्या अभ्यासासाठी. तिथून ते तपासणीच्या फॉर्मवर आलं आणि माझ्या नावापुढे हिरवी खूण करून मोकळं झालं.

या हिरव्या खुणेचा भांडाफोड व्हावा तोही आमच्या पुण्यातच. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दोन डॉक्टरांचा फोटो छापून आला. एक पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक, दुसरे लंडनचे डॉ. जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय तंतोतंत सारखा, २२.३. आणि अंगातली चरबी? युडकिनसाहेबांची ९.१ टक्के, याज्ञिकसरांची २१.२. खाली खुलासाही होता: एक जण मॅरेथॉन धावतो आणि दुसऱ्याचा मुख्य व्यायाम म्हणजे रोज सकाळी रुग्णालयातल्या लिफ्टचं दार बंद व्हायच्या आत धावत जाऊन ते गाठणं. स्वतःच्या पोटाची टक्केवारी जगप्रसिद्ध नियतकालिकात छापायची म्हणजे केवढा मोठेपणा! आम्ही ग्रुप फोटोतसुद्धा मागच्या रांगेत उभे राहतो.

याज्ञिकसर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतली नवजात बाळंही मोजली होती. आपलं बाळ साधारण २.७ किलोचं, इंग्लंडमधल्या साउदम्प्टनचं ३.५ किलोचं. आपलं बाळ हडकुळं दिसतं, पण तुटवडा असतो तो मुख्यतः स्नायूंचा. चरबी त्या पठ्ठ्याने आईच्या पोटातच सांभाळून ठेवलेली असते. हे वाचून मला फार हलकं वाटलं. म्हणजे माझ्या पोटाला मी एकटा जबाबदार नाही. त्यामागे परंपरा आहे.

तरी बायकोने परंपरा मोडायचं ठरवलं आणि मला जिममध्ये घातलं. तिथला ट्रेनर मुळशीकडचा, वडील पैलवान. त्याने पहिल्यांदा मला अनवाणी एका यंत्रावर उभं केलं, हातात दोन मुठी दिल्या आणि म्हणाला, "काका, हलू नका, करंट सोडतोय." करंट म्हणजे अगदी नावापुरता, कळतही नाही. पाणी असलेल्या स्नायूंतून तो सहज जातो, चरबीत अडखळतो आणि त्यावरून यंत्र अंदाज बांधतं. त्यामुळे तांब्याभर पाणी पिऊन गेलात तर उत्तर बदलतं. "सकाळी, उपाशीपोटी, सगळं उरकून यायचं," अशी आधीच ताकीद होती. "पत्रिका दाखवायला नेतानाही एवढं सोवळं नसतं," बायको म्हणाली. चिठ्ठी बाहेर आली: वजन ६२, चरबी २९ टक्के. म्हणजे जवळजवळ १८ किलो. खाली शरीराचं वय, ६१. मी ५४ वर्षांचा. यंत्राच्या हिशेबाने ज्येष्ठ नागरिकाची सवलत मागावी, तर रेल्वेने तीही करोनात बंद केलेली.

"मग किती किलो कमी करायचं?" मी विचारलं.

"एकही नाही," पोरगा म्हणाला. "चरबी काढायची, मसल भरायचं. काटा बघायचाच नाही."

पैसे भरून शून्य किलो कमी करायचं, हे पटायला जरा वेळ लागला. पटलं ते गॅसच्या टाकीमुळे. भरलेली टाकी तीसेक किलोची असते. पण त्यात गॅस फक्त १४.२ किलो. उरलेलं वजन पत्र्याचं, आणि ते टाकीच्या कड्यावर छापलेलं असतं. म्हणून गॅसवाला वजन करून दाखवतो तेव्हा आपण आधी ते वजा करतो. माणसाच्या गळ्याशी असं काही छापलेलं नसतं. त्यामुळे बी विंगमधल्या काकांचे सात किलो गेले त्यात काय काय गेलं, हे त्यांनी विचारलंच नाही आणि काट्याने सांगितलं नाही. उपासमारीच्या पहिल्या आठवड्यात तर बरंचसं पाणीच जातं. यकृतात आणि स्नायूंत साठवलेली साखर संपली की तिच्याबरोबर तिच्या तिप्पट पाणी वाहून जातं. पुढे चरबी जाते हे खरं, पण पोटभर प्रथिनं नसतील आणि अंगाला जोर पडत नसेल, तर मागोमाग स्नायूही निघतात. बाटलीच्या झाकणाचं गूढ तिथेच आहे.

तर मग जोर काढायचा. ट्रेनरने स्क्वॉट शिकवायला घेतला तेव्हा मी म्हणालो, "ही तर आमच्या आजोबांची बैठक." पैलवानाचा पोरगा तो, त्याने लगेच सुधारलं. "काका, बैठकीत टाचा उचलतात. इथं टाचा जमिनीला चिकटवून." आजोबा तालमीत जायचे. तिथे कोण किती किलोचा हे घरी येऊन कुणी सांगायचं नाही. जोर किती काढले ते सांगायचे. (सांगताना थोडे वाढवायचे, तो भाग वेगळा.)

खरी कुस्ती झाली ती स्वयंपाकघरात. सरकारी हिशेबाने किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे मला ५१ ग्रॅम. ट्रेनरला हवे होते ९०. मी वही घेऊन बसलो. एका अंड्यात ६. वाटीभर पातळ वरणात जेमतेम ५ किंवा ६. साबुदाण्यात जवळजवळ काहीच नाही. म्हणजे चतुर्थीला आपण ज्या निष्ठेने खिचडी खातो, तो उपास नक्की कुणाला घडतो? स्नायूंना. आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "गणपतीला काही तुझे दंड बघायचे नाहीत." बायकोने गणित केलं. "नव्वद ग्रॅमसाठी पंधरा वाट्या वरण. टोपात वाढू की तुम्हीच टोपात बसताय?" शेवटी मटकीची उसळ, दही, पिठलं, अंडी आणि रात्री पनीर यांचं आघाडी सरकार आलं. ते अजून टिकून आहे. साबुदाण्याचा बाहेरून पाठिंबा.

वर्षभराने पुन्हा करंट सोडला. चरबी २४ टक्के. म्हणजे तीन किलो चरबी गेली आणि तेवढंच मांस आलं. कंबर ८८. पट्ट्याला आतल्या बाजूने दोन नवी भोकं पाडून घ्यावी लागली. वजन ६२.

आता हा आनंद सांगायचा कुणाला? लग्नात मावशी भेटली. "जिमला जातोस म्हणे. किती झालं?"

"काहीच नाही."

"अगं बाई! पैसे परत मागितलेस का?"

सोसायटीतही तेच. मी चरबीची टक्केवारी सांगायला लागलो की माणसं लिफ्टचं बटण दाबतात. कमी झालेले किलो सांगता येतात, त्यांच्यासाठी टाळ्या वाजवता येतात. आत झालेली बदली-बढती कुणाला दाखवणार? शर्ट काढून सत्यनारायणाला बसणं आमच्याकडे फक्त गुरुजींना शोभतं.

गेल्या रविवारी मात्र लिफ्ट बंद पडली, आणि नेमकी तिसऱ्या मजल्यावरच्या आजींची टाकी आली. गॅसवाल्याने ती खालीच ठेवली आणि तो स्कूटरला टेकून फोन बघत बसला. बी विंगमधले काका मदतीला धावले, पण टाकीला हात लावून "जड आहे" एवढं जाहीर करून थांबले. मी टाचा जमिनीला चिकटवल्या, पाठ सरळ ठेवली, टाकी खांद्यावर घेतली आणि वर नेऊन ठेवली. आजींनी हातावर वडी ठेवली. मी वडीतल्या प्रथिनांचा अंदाज बांधत जिना उतरत होतो, तेवढ्यात त्या सुनेला सांगताना ऐकू आलं:

"आता गॅसवाल्याच्या विनवण्या करू नकोस गं. पुढच्या वेळी यांनाच बोलाव, ते नाही का दुसऱ्या मजल्यावरचे, जिमला जाऊन काही फरक न पडलेले!"