आण्णा, एक्झॉस्ट फॅन आणि ८६४० पावलं

पंखा फिरवायला बटण दाबायचं असतं, यावर आमच्या आण्णांचा ठाम विश्वास आहे. त्यामुळे त्यांचा इंजिनिअर मुलगा, म्हणजे मी, कांद्याच्या चाळीतला एक एक्झॉस्ट फॅन लॅपटॉपवर फिरवण्यासाठी रात्र जागवतो, याचं त्यांना वाईट वाटतं. भरलेल्या फीचं त्याहून जास्त.

विषय तसा गंभीर आहे. उन्हाळ कांदा एप्रिल-मेमध्ये चाळीत जातो आणि दिवाळीपर्यंत टिकावा अशी अपेक्षा असते. मोड येऊ नयेत म्हणून लासलगावात भाभा अणुसंशोधन केंद्राचं विकिरण केंद्र २००२ पासून उभं आहे. पण कोंदट, दमट हवेनं होणारी सड कोण थांबवणार? पंखा नेमका कुठे बसवला तर कोपऱ्यातल्या कांद्याला वारा लागेल, हे ओपनफोम या हवेचा प्रवाह मोजणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये बघायचं ठरवलं. ओपनफोम फुकट मिळतं, एवढंच आण्णांना त्यातलं आवडलं.

यात चाळीतल्या हवेचे बारीक कप्पे पाडतात. त्याची होते जाळी. पंख्याभोवती वेगळ्या जाळीची एक चकती असते, ती पात्यांसकट फिरते. बाहेरची जाळी जागची हलत नाही. दोघींच्या मधली कड म्हणजे इंटरफेस. चकती सरकली की अलीकडचे कप्पे पलीकडच्यांशी नीट समोरासमोर येत नाहीत. मग कुणाचा किती हिस्सा कुणापुढे आलाय, हे दर पावलाला मोजून हवा वाटून द्यावी लागते. डिसेंबर २०११ च्या आवृत्तीपासून ही मोजणी ओपनफोमच करतं. हिश्श्यांची बेरीज एकच्या जवळ यायला हवी, ०.३ दिसलं की समजायचं, मध्ये फट आहे.

"म्हणजे भुईकाटाच की," आण्णा म्हणाले. "इकडं भरलं तेवढं तिकडं उतरलं पाहिजे."

"अगदी तसंच."

"घट किती धरतात?"

"शून्य."

आण्णा खोकला येईपर्यंत हसले.

खरी गोची वेळेची. पंखा मिनिटाला १४४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला २४. पाती एकेक अंश सरकवायची तर सेकंदभराच्या वाऱ्याला ८६४० पावलं. लॅपटॉप रात्रभर धापा टाकत होता. पहाटे लाइट गेली. अंधारातून आवाज आला, "बंद पडला का रं पंखा?"

मग एमआरएफ, म्हणजे मल्टिपल रेफरन्स फ्रेम, ही दुसरी पद्धत काढली. त्यात पाती उभीच ठेवायची आणि चकतीतल्या समीकरणांत फिरण्याचा हिशेब घालायचा.

"पंखा उभा, अन् वारा फिरल्यासारखा? यासाठी पुण्याला धाडलं होतं तुला?"

तरीही माझं मत एमआरएफलाच. कुणाला चाळीचा वारा बघायचा असेल तर सुरुवात त्यानंच करा. कोपऱ्यापर्यंतचा प्रवाह समजायला तेवढं पुरतं. चकतीची कड पात्यांच्या टोकाला चिकटवू नका, टोक आणि बाहेरचं कडं यांच्या मधोमध ठेवा. दोन्हीकडचे कप्पे साधारण एका मापाचे करा. पात्यांची थरथर किंवा आवाज मोजायचा असेल तरच एकेका अंशाच्या नादी लागा, आणि लागण्याआधी इन्व्हर्टर घ्या.