आडनाव तेवढं फ्रीहोल्ड

नवी मुंबईत पायाखालची जमीन सहसा आपली नसते. घराचं कर्ज फेडता फेडता केस पिकलेला माणूसही इथे कागदोपत्री भाडेपट्टेदारच. जमीन सिडकोची, आपण साठ वर्षांपुरते तिच्यावर. घर विकायचं तर सिडकोच्या पायऱ्या चढायच्या, हस्तांतरण शुल्क भरायचं, ना-हरकत घ्यायची. निवडणूक आली की सगळं फ्रीहोल्ड करण्याची घोषणा होते, निवडणूक गेली की घोषणेचा भाडेपट्टा संपतो. आमच्या नेरूळच्या सोसायटीच्या सेक्रेटरींकडे या सगळ्या कागदांची एक फाइल आहे. तिची दोरी सुटली तर परत बांधायला दोन माणसं लागतात.

हे आधीच सांगून टाकतो, कारण पुण्याहून मेहुणे आले की चहा निवायच्या आत विचारतात, "काय हो, तुमचे दादा सध्या कुठे?" त्या 'सध्या'वर त्यांचा सगळा जोर. पूर्वी मी वरमायचो. आता फाइलच पुढे सरकवतो. ज्या शहरात माणसाला जमीनच कायमची मिळत नाही, तिथे नेत्यानं पक्ष कायमचा विकत घ्यावा हा आग्रह का? दादा जागच्या जागी आहेत. हस्तांतरण झालंय, तेही रीतसर.

खाडीच्या या बाजूला दादा म्हणजे बोनकोड्याचे गणेश नाईक. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांत कामगार संघटना बांधत वर आलेले. १९९० साली धनुष्यबाणावर बेलापूरचे आमदार. १९९५ ला पुन्हा, आणि युतीच्या सरकारात मंत्री. मग बाळासाहेबांशी बिनसलं. १९९९ मध्ये पवारसाहेबांनी नवा पक्ष काढला तेव्हा दादांनी मनगटावर घड्याळ बांधलं, आणि त्याच वर्षी शिवसेनेच्या सीताराम भोईरांनी त्यांना पाडलं. पहिल्या हस्तांतरणाचं शुल्क पूर्ण पाच वर्षं पडलं. २००४ ला ते फिटलं. दादा परत आमदार, परत मंत्री, पुढे ठाण्याचे पालकमंत्री.

मतदारसंघांची पुनर्रचना झाली आणि २००९ च्या निवडणुकीला एका बेलापूरचे दोन मतदारसंघ समोर आले. १५० ऐरोली आणि १५१ बेलापूर. दुसऱ्या एखाद्या गावात अशा वाटणीवरून भावकीत कुऱ्हाडी निघाल्या असत्या. इथे वाटणी होऊनही चूल एकच राहिली. धाकटे संदीप ऐरोलीला, वडील बेलापूरला, आणि महापालिकेचे पहिले महापौर म्हणून १९९५ सालीच नाव लागलेले थोरले संजीव, ते २००९ मध्येच ठाण्यातून खासदार होऊन दिल्लीला. लवकरच पुतणे सागर महापौर झाले. सिडकोत नगररचनाकारांची एवढी फौज. नोड आखले, सेक्टर आखले, सेक्टरांना आकडे दिले. पण इतकं नेटकं नियोजन त्यांच्या कुठल्याही नकाशात सापडणार नाही.

मतदाराची तर चंगळ होती. गटार तुंबलं तर महापौर, पूल रखडला तर आमदार, लोकल खोळंबली तर खासदार, आणि कुणाकडूनच काम झालं नाही तर पालकमंत्री. चारही अर्ज एकाच ओटीवर ठेवले तरी चालण्यासारखं. उद्योजकांसाठी एक खिडकी उघडायचं सरकार तेव्हा अजून मनावर घेत होतं. बोनकोड्याला ती कधीच उघडली होती, आणि सकाळी तिच्यासमोर चपलांची रांग असे.

मेहुण्यांना हे सांगितलं की ते तोंड वाकडं करून "घराणेशाही!" म्हणतात. म्हणोत. त्यांच्याकडे नळाला पाणी नसतं तेव्हा ते टँकरवाल्याला फोन करतात. आमच्या महापालिकेनं खालापूर तालुक्यातलं मोरबे धरणच ताब्यात घेतलं. स्वतःचं धरण असलेल्या महापालिका बोटांवर मोजण्याइतक्याच. त्याचं श्रेय दादा सभेत घेतात, आणि खरं सांगायचं तर ते घेण्याजोगं आहे. मालमत्ता कर वाढू दिला नाही, हे दुसरं श्रेय. तेही घेतात. तिसऱ्यापासून मात्र आमच्या सोसायटीत दोन तट पडतात.

गावठाणात गेलात तर हिशोब वेगळा. हे शहर ९५ गावांच्या भाताच्या खाचरांवर आणि मिठागरांवर उभं आहे. जानेवारी १९८४ मध्ये जासई-नवघर भागात जमिनीच्या भावासाठी दि. बा. पाटलांच्या मागे लोक रस्त्यावर उतरले, गोळीबार झाला आणि पाच शेतकरी गेले. त्यातून पुढे साडेबारा टक्क्यांची योजना आली. घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड शेतकऱ्याला परत. त्यावर थट्टा करायची माझी हिंमत नाही. पण साडेबारा टक्के हा आकडा पुढाऱ्यांच्या अंगात इतका मुरला की आश्वासनंही लोकांना त्याच दरानं परत मिळू लागली. गावठाणात पोरांची लग्नं झाली, जागा पुरेना, म्हणून मजले चढले. त्यांना सरकारी भाषेत 'गरजेपोटी बांधलेली घरं' म्हणतात. ती नियमित करू, हे प्रत्येक निवडणुकीत प्रत्येक पक्ष सांगतो. गरज घरांची आहे, पोट मात्र आश्वासनाचं भरतं.

तर २०१४. एकाच दिवशी युती तुटली आणि आघाडीही तुटली. महाराष्ट्रात सगळेच सुटे झाले. बेलापुरात दादांसमोर कोण? काल-परवापर्यंत राष्ट्रवादीतच असलेल्या मंदाताई म्हात्रे, आता कमळावर. तिसरे शिवसेनेकडून विजय नाहटा, जे एके काळी याच महापालिकेचे आयुक्त होते. म्हणजे एका रिंगणात मावळते पालकमंत्री, त्यांच्या पक्षातून बाहेर पडलेल्या ताई आणि निवृत्त साहेब. मतदाराला कुणाचीही नव्यानं ओळख करून द्यायची गरज नव्हती. मंदाताई जिंकल्या, १,४९१ मतांनी. तिकडे ऐरोलीत संदीप निवडून आले. निकालाच्या दिवशी एकाच घरात पेढेही आणि सांत्वनही. कोणत्या पाहुण्याला काय द्यायचं हे दारातच ठरवावं लागलं असेल.

पाच वर्षांनी, २०१९ च्या सप्टेंबरपर्यंत, सगळं घर कमळात आलं. ज्या फुलानं पाडलं तेच छातीवर लावलं, इथवर ठीक. पण बेलापूरची उमेदवारी मंदाताईंकडून काढून घ्यायला पक्ष तयार होईना. यादीत ऐरोलीसमोर नाव आलं संदीप यांचं. दादा यादीबाहेर. मग मुलानं वडिलांसाठी जागा सोडली.

इथे मला थांबून हात जोडावेसे वाटतात. उभ्या महाराष्ट्रात बाप मुलाला मतदारसंघ देतात. पोरगं बारावी होत नाही तोच फ्लेक्सवर त्याला 'युवा नेतृत्व' करतात. मुलानं बापाला मतदारसंघ दिल्याचं उदाहरण शोधायचं तर थेट महाभारतात जावं लागतं. पुरूनं ययातीला तारुण्य दिलं, इथे एबी फॉर्म दिला. ययातीनं हजार वर्षांनी का होईना, घेतलेलं परत केलं, असं पुराण सांगतं. इथे २०२४ उजाडलं तरी ऐरोलीत दादाच.

मग पुरूनं काय केलं? संदीप तोवर भाजपचे नवी मुंबईचे जिल्हाध्यक्ष होते. बेलापूर पुन्हा मंदाताईंनाच मिळाल्यावर त्यांनी पवारसाहेबांची तुतारी उचलली. वडील ऐरोलीत कमळावर, मुलगा बेलापुरात कमळाविरुद्ध. मध्ये एकच ठाणे-बेलापूर रस्ता. प्रचाराची रिक्षा दिघ्याहून निघाली तर ऐरोली-रबाळ्यापर्यंत 'कमळासमोरचं बटण दाबा' म्हणायचं आणि नेरूळ येईस्तोवर तुतारी फुंकायची. चालकाला सिग्नलगणिक निष्ठा बदलावी लागे. नाहटाही परत आले, या वेळी अपक्ष. हा गृहस्थ दर दहा वर्षांनी आमच्याकडे फेरतपासणीला येतो.

आणि आता माझ्यावर येतो. शहरी माणूस शनिवार-रविवारला मतदानाची सुट्टी जोडून पळ काढतो, म्हणून निवडणूक आयोगानं मुद्दाम बुधवार निवडला. २० नोव्हेंबर. आयोगाला आमची कल्पना नाही. मी गुरुवार-शुक्रवार रजा टाकली आणि पाच दिवस अलिबागला गेलो. एकट्या माझ्या मतानं काय फरक पडतो, असं मांडव्याच्या जेट्टीवर उभं राहून बायकोला म्हणालोही. तिनं काही उत्तर दिलं नाही, पण तिच्या तोंडावरून मला उत्तर कळलं होतं.

शनिवारी दुपारी निकाल लागला. मंदाताईंना नव्वद हजारांवर मतं, संदीप यांनाही नव्वद हजारांवर. फरक ३७७.

रविवारी रात्री घरी पोचलो. जिन्याशेजारी आमच्या सोसायटीचा फळा आहे. त्यावर एरवी 'उद्या टाकी साफ होणार' किंवा 'बी विंगनं कचरा वेगळा द्यावा' असलं काही असतं. त्या दिवशी सगळं पुसून मधोमध खडूनं फक्त ३७७ लिहिलं होतं, खाली दोन रेघा मारून. सेक्रेटरी खुर्ची टाकून बसले होते, मांडीवर मतदार यादी. "आपल्या सहा बिल्डिंगा," ते म्हणाले, "आणि शेजारच्या सोसायटीतले लोणावळा-महाबळेश्वरवाले. मी मोजलेत. एवढ्यातच आमदार बदलत होता." मग त्यांनी बोट ठेवलं. माझ्या नावासमोर लाल टिंब होतं. बायकोच्या नावासमोरही होतं, पण तिचं त्यांनी वाचून दाखवलं नाही.

गंमत पुढेच. दुसऱ्या दिवशी सकाळी जिंकलेल्या बाजूचा पोरगा पेढे घेऊन आला. त्याला यादीचं कळलं होतं. माझ्या हातावर दोन पेढे जास्त ठेवून म्हणाला, "काका, तुम्ही गेलात ते बरं झालं. उपकार झाले." संध्याकाळी हरलेल्या बाजूचा भेटला. डोळ्यांत पाणी. "काका, तुम्ही असता तर..." एवढंच म्हणाला आणि बाइकला किक मारली. तीस-पस्तीस वर्षं इमानानं मत देत आलो, कुणी एक पेढा दिला नव्हता की डोळ्यात टिपूस आणलं नव्हतं. न दिलेल्या एका मताला दोन्ही बाजूंनी भाव आला. आणि मी असतो तर दिलं कुणाला असतं? तेवढं मात्र दोघांपैकी कुणी विचारलं नाही. बरं झालं. मलाही ठरवता आलं नसतं.

पुढचं तुम्ही वाचलंच असेल. दादा वनमंत्री झाले. राज्यातल्या बिबट्यांची जबाबदारी आता त्यांच्याकडे आहे. बिबट्याही हद्द बदलतो, पण तो रात्री बदलतो आणि पत्रकार परिषद घेत नाही. पालकमंत्रिपद पालघरचं मिळालं तरी जनता दरबार दादांनी थेट ठाण्यात भरवला, म्हणजे उपमुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांच्या अंगणात. सरकार एकच, मांडव दोन. मग शिंदेंना लॉटरी लागली, पण ती टिकवता आली पाहिजे, असंही दादा जाहीर बोलले. महाराष्ट्रभर त्याचे अर्थ लावले गेले. नवी मुंबईकराला लॉटरी म्हटलं की सिडकोचीच आठवते, त्यामुळे आमच्या कट्ट्यावर पहिला प्रश्न निघाला तो एवढाच : घर नक्की कुठल्या सेक्टरला लागलं?

या सगळ्यात महापालिका मात्र बेवारस होती. २०२० साली व्हायची निवडणूक करोनामुळे लांबली ती लांबतच गेली, आणि २०२६ च्या जानेवारीत लागली. राज्यात मांडीला मांडी लावून बसलेले दोन पक्ष इथे समोरासमोर. शिवाय नवी पद्धत : एका प्रभागात चार जागा, मतदाराला चार मतं. एक मत नीट सांभाळता न आलेल्या माणसाला चार देऊन शासनानं काय साधलं कोण जाणे.

सेक्रेटरींनी या वेळी धोका पत्करला नाही. पंधरा तारखेला सकाळी सातला त्यांनी स्वतः बेल वाजवली. अंगावर शाल, हातात तीच यादी. मला चहासुद्धा घेऊ दिला नाही. म्युनिसिपल शाळेच्या पडवीत रांगेत पहिला मी. मागे ते, मी पळू नये म्हणून.

आत गेलो, एक बटण दाबलं आणि छाती काढून बाहेर निघालो. मशीन काही वाजलं नाही. मतदान अधिकारी बाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "काका, कुठे निघालात? अजून तीन राहिलीत."

"तीन?"

"अ झालं. ब, क आणि ड आहेत. सगळी दाबल्याशिवाय ते वाजत नाही."

रांगेतून सेक्रेटरींचा आवाज आला, "मॅडम, सोडू नका त्यांना. अलिबागवाले आहेत ते."

परत आत गेलो. पुठ्ठ्याच्या आडोशाला वाकून ब, क, ड च्या याद्या बोटानं वरून खाली वाचल्या. चिन्हांकडे माझं लक्षच गेलं नाही. मी आडनावं शोधत होतो.